खेळाच्या सामानाचं दुकान, रत्नागिरी बाजारपेठ: बूट घ्या, नंबर छापायला देऊ नका

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. फुटबॉलचे बूट, बॉल, शिनगार्ड आणि गोलीचे ग्लोव्ह्ज या दुकानातून बिनधास्त घ्या. जर्सीवर नंबर छापायचं काम दुसरीकडे द्या. आणि आपल्या टीममधली भांडणं त्या काउंटरवर बोलू नका, कारण तिथे दुपारी बोललेलं संध्याकाळी मारुती मंदिराच्या चहाच्या टपरीवर ऐकायला मिळतं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. कौतुक आहे तेवढीच तक्रारही आहे, आणि मालक आमच्या सरांच्या रोजच्या चहातले. तुम्ही इथे फुटबॉल खेळत असाल तर ओळखालच.

मी कॉलेजच्या टीमचा दुसरा गोली. दुसरा गोली म्हणजे सामन्यात पाण्याच्या बाटल्या, पहिल्या गोलीचा टॉवेल आणि सगळ्यांची पाकिटं सांभाळणारा माणूस. पाकिटं माझ्याकडे म्हणून हिशोब माझ्याकडे, आणि हिशोब माझ्याकडे म्हणून दुकानाच्या फेऱ्याही माझ्याच. या मोसमात आम्ही कोकण झोन जिंकला आणि मुंबईला जाऊन विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत सेमीफायनलपर्यंत पोचलो. कॉलेजच्या गेटवर बॅनर लागला. बॅनरवरच्या फोटोत कोण कोणाच्या शेजारी उभं राहायला तयार नव्हतं ते मला नीट माहीत आहे, कारण फोटो मीच काढला.

दुकान अरुंद आणि खोल. दर्शनी भागात कॅरम बोर्ड, टेनिस बॉलचे खोके, बॅटी आणि चषक. धंदा चषकांवर चालतो हे मालक स्वतःच सांगतात. मे महिन्यात वाडीवाडीत क्रिकेटच्या स्पर्धा असतात आणि हल्ली तिसऱ्या नंबरालाही कमरेएवढा चषक लागतो. पावसाळा लागला की पुढे छत्र्या आणि रेनकोट येतात, फुटबॉलचं सामान आणखी आत सरकतं. म्हणून बाहेरून बघून ‘इथे काही मिळणार नाही’ असं ठरवू नका. आत शिरा आणि अण्णांना हाक मारा. मालकांना सगळे अण्णाच म्हणतात.

अण्णा बूट खाली काढायच्या आधी एकच प्रश्न विचारतात: ‘ग्राउंड कुठलं?’ पायाचं माप नंतर. हे मला आधी विचित्र वाटायचं. आमचं ग्राउंड जांभ्यावरचं. वर लाल मातीचा थर, खाली दगड. जुलैत चिखल असतो तेव्हा लांब स्टड (सोलखालच्या खुंट्या) बरे वाटतात, पाय रुततो, घसरत नाही. गणपतीनंतर पाऊस ओसरला की वरची माती वाहून गेलेली असते, बारीक खडी वर येते, आणि तेच लांब स्टड दगडावर टकटकायला लागतात. पळताना सगळा भार चार-सहा टोकांवर येतो, टाचा ठणकतात, आणि स्टड झिजून एका बाजूला तिरके होतात. म्हणून अण्णा आखूड, गोल, सोलबरोबरच ओतलेले स्टड देतात. ब्लेडसारखे चपटे स्टड असलेली जोडी मागितलीत तर देतील, पण आधी गुडघ्यावर व्याख्यान देतील: चपटा स्टड मातीत धरून बसतो, अंग वळतं, पाय वळत नाही, मग गुडघा जातो. स्क्रूचे धातूचे स्टड त्यांनी ठेवणंच बंद केलंय.

मग बूट हातात घेऊन वाकवून दाखवतात. जिथे आपली बोटं पावलाला जोडली जातात तिथे तो वाकला पाहिजे. मधोमध वाकला तर बाजूला. त्यानंतर स्टॉकिंग घालून बूट घालायला लावतात, आणि स्टॉकिंग ओलं करून. दुकानातच बादली ठेवलेली आहे. सगळा मोसम पावसात खेळायचाय तर कोरड्या पायाच्या मापाचा काय उपयोग, हा त्यांचा मुद्दा. किनाऱ्यावरच्या पोरांचे पंजे रुंद असतात, लहानपणापासून चपलेशिवाय फिरलेले. अरुंद पंजाचा नामांकित बूट अशा पायाला देण्याऐवजी ते सातशे रुपयांनी स्वस्त पण रुंद साचा असलेली जोडी पुढे करतात. महाग माल हातात असताना स्वस्त विकणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

आता सोल. फुटबॉल खेळणाऱ्यांना हे सांगायला नको, पण नव्यांसाठी लिहितो. हजार-बाराशेच्या बुटाचा सोल नुसता चिकटवलेला असतो. आमच्याकडच्या पावसात ते चिकटवणं महिनाभर टिकलं तर नशीब. म्हणून नवा बूट घातला जाण्याआधी शिवून घ्यायचा. दुकानाच्या पायरीवर एक चर्मकार काका बसतात, त्यांच्याकडे अण्णा जोडी परस्पर देतात. नायलॉनचा दोरा मेणातून ओढून, सोलच्या कडेने सगळीकडून टाके. मेण लावलं नाही तर टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येतं. काकांचा टाका इतका सारखा असतो की नव्या बुटावर तो कारखान्यातूनच आलाय असं वाटावं. दीडशे रुपये. आमच्या टीममध्ये ज्यांचे बूट इथे शिवले त्यांच्यापैकी एकाचाही सोल मोसमात उघडला नाही.

शिवून न घेणारा अपवाद म्हणजे आमचा कोल्हापूरकर. हा फार्मसीला आलेला, हॉस्टेलवर राहतो, पेठेतल्या तालमीत (तिकडे फुटबॉलचे संघ तालमींचेच) खेळून तयार झालेला. खेळाडू म्हणून त्याला तोड नाही, हे मी मिरकरवाड्याच्या, म्हणजे आमच्या मासेमारी बंदरावरच्या, पोरांसमोरही बोललोय. पण प्रत्येक गोष्टीला ‘आमच्याकडं शाहू स्टेडियमला...’ अशी सुरुवात. त्याचे बूट चार हजारांचे, ऑनलाइन मागवलेले, ब्लेडवाले. अण्णांनी बघून शिवून घ्यायला सांगितलं. ‘असल्या बुटाला कोण टाका मारतं का, अण्णा?’ म्हणाला. ऑगस्टच्या शेवटी उजव्या बुटाने तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी तो एकटाच पायरीवर जाऊन शिवून आला आणि कुणाला बोलला नाही. आम्हाला ते लगेच कळलं, कारण अण्णा. याच्यावर पुढे येतो.

ग्लोव्ह्जबद्दल मला बोलायचा हक्क आहे, निदान बाकावर बसून तेवढं तरी शिकलोय. गोलीच्या ग्लोव्ह्जचा तळवा लॅटेक्स फोमचा असेल तर तो ओला केल्यावरच पकडतो. कोरडा असताना बॉल निसटतो. स्वस्त ग्लोव्ह्जमध्ये तळव्याला रेक्झिनसारखं गुळगुळीत काहीतरी असतं, ते पावसात साबणच. अण्णा दोन्ही हातात घालायला देतात आणि पाणी शिंपडून बॉल धरायला सांगतात, म्हणजे वाद संपतो. धुवायचे कोमट पाण्यात, पिळायचे नाहीत, उन्हात टाकायचे नाहीत. उन्हात फोम कडक होऊन त्याचा भुगा पडतो. बुटांचंही तसंच: लेस सैल करायची, जीभ बाहेर ओढायची, आत वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि ते ओले झाले की बदलायचे. चुलीजवळ ठेवलेला बूट पाहिला तर अण्णा पुढच्या जोडीवर सूट देत नाहीत, आणि चुलीजवळ ठेवलेला बूट त्यांना वासावरून कळतो.

बॉलचं सांगतो. नियमाप्रमाणे पाच नंबरचा बॉल सामना सुरू होताना ४१० ते ४५० ग्रॅम आणि परिघाने ६८ ते ७० सेंटिमीटर असायला हवा. सामना संपताना किती असावा याबद्दल नियम काही म्हणत नाही, आणि कोकणातला सगळा फुटबॉल त्या मोकळ्या जागेत खेळला जातो. शिवणीचा ३२ तुकड्यांचा जुना बॉल मुसळधार पावसात पाणी पितो आणि हाफटाइमनंतर हेडर मारायला कोणी पुढे येत नाही. अण्णांकडे काउंटरवर वजनकाटा आहे. आमचा सरावाचा एक म्हातारा बॉल त्यांनी भिजलेला तसाच काट्यावर ठेवला, काटा ५०० च्या पुढे गेला, आणि सरांनी एकही प्रश्न न विचारता उष्णतेने जोडलेल्या तुकड्यांचे दोन बॉल घेतले. त्यांना शिवण नसते, पाणी कमी शिरतं. माल बहुतेक जालंधरचा. फाळणीनंतर सियालकोटचे कारागीर तिकडे येऊन वसले, त्यांनी तो धंदा तिथे उभा केला, हा इतिहास अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात. हवा भरताना पिन ओली करून घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. हे फुकट शिकवतात.

इथवर पैकीच्या पैकी. आता छपाई.

आमच्या टीममध्ये १० नंबरावरून जे झालं ते समजायला ऑगस्ट महिना समजला पाहिजे. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. या दोन महिन्यांत मिरकरवाड्याची आणि राजिवड्याची पोरं सकाळी सहाला ग्राउंडवर सगळ्यांच्या आधी हजर. १ ऑगस्टला बंदी उठली की होड्या बाहेर पडतात आणि हीच पोरं पहाटे जेटीवर असतात: बर्फ चढवायचा, म्हावरं उतरवायचं, लिलावाला थांबायचं. आणि विद्यापीठाच्या स्पर्धा नेमक्या याच दिवसांत येतात. सरांचा नियम साधा होता, सरावाला नाही तर पहिल्या अकरात नाही. हॉस्टेलच्या पोरांना नियम सोपा, उठून खाली आलं की ग्राउंड. मिरकरवाड्याच्या आमच्या फॉरवर्डला तो नियम म्हणजे घरातून शिव्या किंवा सरांकडून शिव्या, यातलं काय हवं ते निवड. गेल्या वर्षीचा १० नंबर त्याचा. यंदा सरांनी तो कोल्हापूरकराला दिला आणि याला १६.

हॉस्टेलवाले म्हणाले बरोबर आहे. वाड्यातले म्हणाले, दोन महिने पावसात आम्ही नाचलो तेव्हा हे गावाला होते. दोन्ही खरं होतं, त्यामुळे भांडण मिटायची सोयच नव्हती. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सरांनी सरावाची वेळ संध्याकाळी केली असती तर अर्धा प्रश्न सुटला असता. पण संध्याकाळी ग्राउंड क्रिकेटवाल्यांचं, आणि त्यांच्याकडे वजनदार माणसं.

मी यादी कागदावर लिहून दुकानात दिली. नाव, माप, नंबर. अण्णांनी ती वहीत उतरवली. जर्सी आल्या तेव्हा त्यात १० नंबरच्या दोन. एक कोल्हापूरकराच्या मापाची, एक मिरकरवाड्याच्या. अण्णांचं म्हणणं, ‘तुमच्याच टीममधून फोन आला, सोळाचा दहा करा म्हणून.’ कोणाचा फोन? ‘आवाज पोरांचे सगळे सारखेच.’ सामना दोन दिवसांवर. खरं तर यादीवर माझी सही होती, फोनवर बदल करायलाच नको होता. पण त्यांनी त्यावर उपाय काढला तो आणखी भारी: शून्यावर सहा चिकटवला. छपाई म्हणजे इथे रबरासारख्या पातळ शीटमधून आकडा कापून गरम इस्त्रीने दाबणं. कापडावर तो कसाबसा बसतो. आकड्यावर आकडा बसत नाही.

झोनची फायनल. पाऊस असा की पलीकडचा गोलपोस्ट दिसेना. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास आमच्या मिरकरवाड्याच्या पोराने उजवीकडून आत येऊन बॉल खालून सरपटत जाळ्यात घातला. सामन्याचा एकमेव गोल. तो परत पळत आला तेव्हा पाठीवरचा सहा अर्धा सुटून लोंबत होता आणि खालून शून्य दिसत होता. टेबलावर बसलेल्या माणसाने लिहिलं: गोल, १० नंबर. दुसऱ्या दिवशी पेपरात छोटी बातमी आली, त्यात गोल कोल्हापूरकराच्या नावावर.

कोल्हापूरकराने ती बातमी घरी पाठवली. चूक पेपराची हे त्यालाही माहीत होतं, पण आईने फोन करून कौतुक केल्यावर तो काय बोलणार? वाड्यातल्या पोरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मैदानावर पास मात्र द्यायचे, कारण आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, तोच कॅप्टन, लांज्याचा, दोन्ही गटांना घाबरत नाही. त्याने एकदाच सांगितलं, पास अडवणाऱ्याला मी आत घेऊन माझ्या शेजारी बॅकला उभा करीन. बॅकला खेळायचं कोणालाच नसतं. आमचा विजय एकीमुळे झाला असं प्राचार्यांनी भाषणात सांगितलं. मी बाकावरून जे पाहिलं ते असं: त्या स्टॉपरने झोनमध्ये आमच्यावर एकच गोल होऊ दिला, आणि समोरचे घसरत होते तेव्हा आमचे स्टड धरत होते.

आता तोंडाळपणाबद्दल. कॉलेजकडून आगाऊ पैसे मिळत नाहीत. आधी खर्च करा, जीएसटी बिल लावा, मग वर्षअखेर पैसे. अण्णांनी सगळं सामान उधारीवर दिलं, एकदाही तगादा लावला नाही. हे फार मोठं आहे, याशिवाय आमचा मोसम जुलैतच संपला असता. पण त्याच वहीत कोणाचे बूट कोणाच्या खात्यावर हे लिहिलेलं असतं आणि वही काउंटरवर उघडी असते. मिरकरवाड्याच्या पोराचे बूट सरांनी स्वतःच्या खिशातून घेतले होते, त्याला न सांगता. अण्णांनी कोल्हापूरकराला सहज बोलून टाकलं की मिरकरवाड्याच्या पोराची जोडी टीमच्या खात्यावर गेली. अर्धवट माहिती, तीही चुकीची. कोल्हापूरकर शिवलेल्या बुटाच्या बातमीवरून आधीच चिडलेला. मुंबईला जाताना तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात खेड गेल्यानंतर त्याने तो विषय काढला: ‘आम्ही आमच्या पैशानं बूट घालतो, भावा.’ पनवेलपर्यंत कोणी झोपलं नाही. सर दुसऱ्या डब्यात होते, ते बरं झालं. खरी गोष्ट शेवटी मला सांगावी लागली, कारण हिशोब माझ्याकडे, आणि त्याने सरांची इतके दिवस जपलेली गोष्ट उघडी पडली. याची भरपाई कुठलीही सूट करू शकत नाही.

मुंबईचं थोडक्यात. सामने कृत्रिम टर्फवर. अण्णांनी निघण्याआधीच विचारलेलं (‘ग्राउंड कुठलं?’) आणि टर्फसाठी बारीक रबरी दाण्यांचे शूज नेऊ दिले, न वापरलेल्या जोड्या परत घ्यायच्या बोलीवर. परत घेतल्याही, खोक्यांवर पाय पडलेले असताना. सेमीफायनलला आम्हाला पेनल्टी मिळाली, बॉल दोघांनी धरला, दोघांनी सोडला नाही, रेफ्री घड्याळ बघायला लागला. मागून स्टॉपर चालत आला, बॉल काढून घेतला आणि मारला. गोल झाला. पुढे दोन-एकने हरलो. त्यांचे पोरगे आमच्यापेक्षा चांगले होते, त्यात बुटांचा काही दोष नाही.

तर माझा सल्ला असा. जर्सी हवी असेल तर ज्यात नंबर कापडातच रंगवून येतो तशी पूर्ण छापील मागवा. त्यावरून काही सुटून लोंबत नाही. दिवस जास्त लागतात, म्हणून जूनमध्येच ऑर्डर द्या. बाकी सामानाला अण्णांकडे जा. दुपारी दीड ते चार बंद, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. गाडी बाजारात नेऊ नका. यूपीआय चालतं. यादी दिलीत तर वहीतल्या नोंदीचा फोटो काढून ठेवा आणि फोनवर बदल चालणार नाही असं खाली लिहून घ्या.

बिलावर कॉलेजचं पूर्ण नाव घ्यायला विसरू नका आणि प्रत्येक ओळ तिथेच वाचा. आमच्या जर्सीच्या बिलावर ‘१० नंबर, २ नग’ अशी ओळ आहे, आणि ऑफिसातल्या क्लार्कनी ते बिल बाजूला काढून ठेवलंय. दोन कशाला लागले, हे कॅप्टनच्या सहीने लेखी द्या म्हणतात.